व्हँकूव्हर–शेळगाव, मार्गे बारामती

बारामती,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. कौसल्या हिस, महिपतीचे आशीर्वाद.

पत्र आलं म्हणजे दादा बोलायला लागला, असा गैरसमज करून घेऊ नकोस. साडेतीन वर्षांपूर्वी तुझ्या स्वरूपाच्या लग्नाच्या मांडवातून परत फिरलो तेव्हा जे म्हटलं ते कायम आहे. शेळगावात पाय ठेवणार नाही आणि तुमच्या घरात कुणाशी बोलणार नाही. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. आई तुझ्याकडे आहे, म्हणून महिन्याला एक चौकशीचं पत्र टाकतो. तिची तब्येत कशी आहे, एवढंच कळव. सावळारामरावांच्या डाळिंबाच्या बागेची वर्णनं नकोत.

आता बातमी. आमचे चिरंजीव दिग्विजय सहा वर्षांनी बापाला तोंड दाखवायला येत आहेत. तुझी वहिनी गेली तेव्हा विमानं बंद होती, ते एक वेळ मान्य. पण नंतर? एका वर्षी नोकरी नवी, एका वर्षी घर नवं, एका वर्षी रजा नाही. दर रविवारी फोनवर 'आबा, फार लांब पडतं' हे एकच पालुपद. किती लांब पडतं ते बघावं म्हणून स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून कागद काढून आणला. व्हँकूव्हर ते मुंबई, सरळ रेषेत बारा हजार अडीचशे किलोमीटर, उड्डाणाचा वेळ पंधरा तास. पंधरा तास म्हणजे काय गं? आमच्या डेपोचे ड्रायव्हर त्याहून जास्त वेळ घराबाहेर असायचे आणि तरी घरच्या गणपतीला हजर असायचे. ज्याला यायचंय त्याला लांब पडत नाही, ज्याला यायचं नाही त्याला उंबराही लांबच.

१२ डिसेंबरला निघतोय म्हणतो. मी मुंबईला जाऊन त्याला घेऊन येईन, थेट बारामतीला. आजीला भेटायला तासभर तुमच्याकडे पाठवीन. मी फाट्यापर्यंतही येणार नाही.

शेवटी लोभ ठेवा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुझा दादा,
महिपती


शेळगाव,
२९ नोव्हेंबर २०२५

ती. दादा यांस, कौसल्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं २४ तारखेचं पत्र २७ ला मिळालं. बारामतीहून शेळगाव तासाभराचा रस्ता, आणि त्याला तीन दिवस. तेवढ्यात तुझा दिग्विजय तिकडून इकडं आला असता, जेवून परत गेला असता, आणि काहीतरी विसरलं म्हणून पुन्हा निघालाही असता. जगात सगळ्यात लांब कुठली दोन गावं असतील तर ती बारामती आणि शेळगाव. झेरॉक्सवाल्याकडून त्याचाही एक कागद काढून आण.

उंबऱ्याचं तू लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं. तुला स्वतःला ऐकू आलं का?

आईचं म्हणशील तर अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाते, तीही मी समोर बसले तर. दृष्टी मंदावली आहे. कान मात्र शाबूत. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला की विचारते, महिपती आला काय. मी नाही म्हणते. मग ती म्हणते, पुढच्या गाडीनं येईल. लग्नाआधी आठ दिवस म्हणून ती माझ्याकडं आली होती, चार लुगडी घेऊन. ती चार लुगडीही आता विटली. तू तिला न्यायला आला नाहीस आणि तिनंही जाते म्हटलं नाही. दोघं एकाच मातीचे.

लग्नाचं तू दर पत्रात उकरतोस, म्हणून मीही एकदा लिहून टाकते. मुहूर्त बारा पस्तीसचा होता. गुरुजींनी तीनदा पुकारलं, मुलीचे मामा या, मुलीचे मामा या. मामा कुठं? तू उगवलास बारा सेहेचाळीसला. तोवर आपला चुलतभाऊ मानसिंग मामा म्हणून नवरीच्या मागं उभा राहिला आणि अक्षता पडल्या. तू मांडवाच्या तोंडाशी फिरलास, पाण्याचा घोटही घेतला नाहीस. मामाकडची पिवळी साडीसुद्धा आली नाही. स्वरूपा तिच्या आत्यानं दिलेली नेसून उभी राहिली, तिच्या सासरच्यांनी कुजबूज केली ती मी ऐकून घेतली. रागवायचं कुणी होतं, दादा? चौतीस वर्षं बारामती स्टँडावर एकेका मिनिटासाठी लोकांना झापणारा माणूस, आणि स्वतःच्या भाचीच्या लग्नाला उशिरा.

दिग्विजय येतोय हे आईला सांगितलं. हसली. मग म्हणाली, त्याच्यासंगं महिपती येईल.

लोभ आहे, म्हणून तर एवढं टाकून बोलते.

तुझी,
कौसल्या


बारामती,
३ डिसेंबर २०२५

चि. सौ. कौसल्या हिस, आशीर्वाद.

गाडी डेपोतून अकरा मिनिटं उशिरा सुटली होती. का, ते विचारू नकोस. अकरा मिनिटं तुमच्या गुरुजींना मंगलाष्टकं लांबवता आली नसती का? एरवी कुणाच्याही मावशीला माईक देऊन चार कडवी गायला लावतात. मानसिंगला मामा करायला मात्र तुम्हाला घाई. तो गृहस्थ आयुष्यात कुठल्या गोष्टीच्या मागे ठामपणे उभा राहिला नाही, तो माझ्या भाचीच्या मागे उभा राहिला. हा विषय संपला.

तो झेरॉक्सचा कागद मी फाडून टाकला. शुद्ध फसवणूक. सरळ रेषेतलं अंतर सांगतात आणि त्यावरून वेळ. थांबे कोण मोजणार? अशी कुठली थेट गाडीच नाही. दिग्विजयने फोनवर सांगितलं की वाटेत फ्रँकफर्टला उतरून दुसरं विमान धरायचं. म्हणजे आधी दहा तास, मग तिथे चार तास थांबा, मग आठ तास. बावीस तास, आणि अंतर साडेचौदा हजारांच्या पुढे. बेरीज न करता वेळ सांगणारा माणूस मी आमच्या चौकशी खिडकीवर एक दिवस टिकू दिला नसता.

दिग्विजय पुढे पोचायची वेळ सांगायला लागला. मी त्याला तिथेच तोडलं. म्हटलं, तू निघायची वेळ सांग, पोचायची मी काढतो. आजवर हजारो गाड्यांच्या काढल्या आहेत. निघणार १२ तारखेला संध्याकाळी सहाला. त्यात बावीस तास मिळव. १३ तारखेला दुपारी चारला मुंबई. वेळापत्रक शिकायला मला कॅनडाला जावं लागत नाही. मी तीनलाच विमानतळावर हजर असेन. कुणी वेळेवर येतं ते त्यालाही एकदा बघू दे.

आई हॉर्न ओळखते हे वाचलं. तिला सांग, सगळ्या गाड्यांचे हॉर्न सारखेच असतात.

लोभाचं तू लिहिलंसच आहे, मी पुन्हा लिहीत नाही.

महिपती


बारामती,
१४ डिसेंबर २०२५

चि. सौ. कौसल्या हिस,

दिग्विजय आला नाही.

काल दुपारी तीनपासून मुंबईच्या विमानतळाबाहेर लोखंडी कठड्याला धरून उभा होतो. चार वाजले, पाच वाजले. नावांच्या पाट्या घेतलेले लोक आपापली माणसं घेऊन गेले. त्याचा फोन लागत नव्हता. आत जाऊन विचारीन म्हटलं तर तिकिटाशिवाय सोडत नाहीत. तिथल्या एका गणवेशवाल्याला विचारलं, व्हँकूव्हरची कितीला लागते. तो हसला. म्हणाला, काका, अशी काही गाडी नसते. चौतीस वर्षं लोकांनी मला गाड्या विचारल्या, मी कधी कुणाला हसलो नाही. नऊपर्यंत वाट बघितली. पाय भरून आले, तेव्हा समजलो काय समजायचं ते. मिळेल त्या गाडीने परत निघालो, आज सकाळी घरी पोचलो.

बापाला सरळ नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून तारीख दिली. शिकलेल्यांची हीच तऱ्हा. तुम्ही त्याची बाजू घेणार हे मला ठाऊक आहे. आजीचा लाडका, आत्याचा लाडका. घ्या, तुम्हालाच ठेवा.

फोन बंद करून ट्रंकेत टाकला आहे. दारही कुणाला उघडणार नाही. दूधवाल्यालाही पिशवी कडीला अडकवायला सांगितली आहे. शेजारच्यांना मी महिनाभर सांगत होतो की मुलगा येतोय, १३ ला चारला पोचतोय. आता त्यांची तोंडं बघायची माझी इच्छा नाही.

आईला काय सांगायचं ते तू ठरव.

महिपती


शेळगाव,
१६ डिसेंबर २०२५

ती. दादा यांस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण त्यात काय असेल ते मी डोळे मिटून सांगते. मुलगा आला नाही, जग फसवं आहे, महिपती तेवढा खरा.

दादा, दिग्विजय माझ्या पडवीत बसून पेरू खातोय. परवा, १४ तारखेला, पहाटे साडेपाचला तो मुंबईला उतरला. तू हजारो गाड्यांच्या वेळा काढल्यास, पण त्या सगळ्या एकाच घड्याळावर धावत होत्या. तिकडं संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडं दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्यात तुझे बावीस तास मिळव. साडेतेरा तासांचा घोळ घातलास. तू चारच्या ठोक्याला कठड्याला धरून ताटकळत होतास तेव्हा पोरगं फ्रँकफर्टातसुद्धा पोचलं नव्हतं. आमचे हे, जे तुझ्यासमोर तोंड उघडत नाहीत, ते पोट धरून हसले. मी त्यांना दटावलं आणि आत जाऊन मीही हसले.

त्यानं तुला तिथूनच फोन लावले, बंद. स्वरूपाला लावला, तेव्हा तिनं सांगितलं की आजीचं काही खरं नाही, आधी इकडं ये. ते खरंच आहे. आईनं चार दिवसांपासून भाकरी सोडली आहे. डॉक्टर घरी येऊन गेले. हलवू नका म्हणाले, जे आवडतं ते द्या म्हणाले. त्यावरून समज.

काल दिग्विजय गाडी करून बारामतीला आला होता. दोनदा दार वाजवलं. आत रेडिओ चालू होता. अर्धा तास पायरीवर बसला आणि परत आला. त्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे. मी वाचली नाही. वाचली आहे.

माझं नको, पण आईचं तरी मन ओळख.

तुझी,
कौसल्या


(सोबत)

ती. आबांस, दिग्विजयचा सा. न.

आबा, मी फोनवर सांगत होतो, १४ तारखेला पहाटे. तुम्ही म्हणालात, पोचायची वेळ मी काढतो. मी गप्प बसलो. तुमच्यापुढे गप्प बसायची सवय साडेचौदा हजार किलोमीटरवर जाऊनही गेली नाही.

तुम्ही सहा तास उभे राहिलात हे आत्याच्या शेजारच्यांच्या मुंबईतल्या भाच्याकडून कळलं, तो विमानतळाबाहेर टपरी चालवतो, तुम्ही त्याच्याकडे पाणी प्यायला गेला होतात. मला फार वाईट वाटलं. रागही आला. सहा वर्षं आलो नाही ही माझी चूक आहे आणि तिची कारणं आता मला स्वतःलाच पटत नाहीत.

आजीने माझा हात धरला आणि मला महिपती म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही. त्यानंतर तिने दोन चमचे पेज घेतली. तेव्हापासून मी तुमच्या नावाने तिच्याजवळ बसतो. तुमच्या जागी दुसरं कुणी उभं राहिलेलं तुम्हाला चालत नाही, असं आत्या सांगते. मग या.

मी पुन्हा बारामतीला येऊन दार वाजवणार नाही. २५ तारखेला संध्याकाळी मी इथून निघणार. तोवर इथेच आहे.

आपला,
दिग्विजय


बारामती,
१८ डिसेंबर २०२५

चि. सौ. कौसल्या हिस,

आज दोन्ही कागद मिळाले.

साडेतेरा तास मी धरले नाहीत, मान्य. माझ्या हाताखालच्या माणसाने अशी चूक केली असती तर मी लेखी खुलासा मागितला असता. पण सूर्य एक असताना प्रत्येक गावाने आपलं वेगळं घड्याळ लावायचं, हा शहाणपणा कुणाचा? सावळारामरावांना सांग, हसून झालं असेल तर बागेला पाणी सोडा.

दार वाजलं तेव्हा मी आतच होतो. शेजारचे चौकशीला आले असं वाटलं. पायरीवर अर्धा तास बसला होता, हे तुझ्या पत्रातून कळतंय मला.

पण अटी कोण कुणाला घालतंय? बापाने मुलाकडे जायचं, तेही जिथे बापाला उभं राहू दिलं नाही त्या घरात? तिथे मानसिंग सकाळ-संध्याकाळ चहाला येत असेल. सगळे मिळून बघणार, आला बघा महिपती, मुलासाठी नाक मुठीत धरून आला. तुम्ही तेव्हा अकरा मिनिटं थांबला नाहीत. दिग्विजयला म्हणावं, बावीस तास आलास तसा आणखी एक तास ये. मी दार उघडं ठेवतो, इतकं माझ्याकडून.

आईने खरंच त्याला माझ्या नावाने हाक मारली?

महिपती


शेळगाव,
२० डिसेंबर २०२५

ती. दादा यांस, नमस्कार.

पत्र लवकर मिळावं म्हणून ह्यांना बारामतीच्या पोस्टात टाकायला पाठवते आहे. तुझ्या दाराशी ते येणार नाहीत, त्यांनाही मान आहे.

आई आता चमच्यानं पाणी घेते, बाकी काही नाही. स्वरूपा लेकीला घेऊन आली आहे. तुझी ती नात दोन वर्षांची झाली, तू तिचं तोंड बघितलेलं नाहीस. घरात एवढी माणसं आहेत, आणि आई एकालाच विचारते. काल संध्याकाळी हॉर्न वाजला तेव्हा विचारलं नाही, फक्त दाराकडं बघितलं. मला ते विचारण्यापेक्षा जड गेलं.

आता एक गोष्ट लिहिते. आईनं सांगू नको म्हटलं होतं म्हणून इतके दिवस तुझ्या शिव्या खाल्ल्या. त्या दिवशी थांबायचं नाही हे मी ठरवलं नाही, ह्यांनी नाही, मानसिंगानं तर नाहीच. गुरुजी थांबायला तयार होते. मुलाकडचे म्हणाले, मामा येऊ द्या, दहा मिनिटांनी काय होतं. आई उठून उभी राहिली. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या लेकाचा नेम हाय. गाडी कुणासाठी थांबत न्हाय, तर मुहूर्त का थांबल? मानसिंगला हुबा करा."

दादा, तिला तुझा अभिमान होता रे. तुला खूश करायला बोलली ती. आमच्या महिपतीनं आमदाराच्या माणसाला गाडी थांबवून दिली नव्हती, हे ती त्याच दिवशी विहिणीला सांगत होती. तू मांडवातून फिरलास तेव्हा तिला कळेनाच की तिचं चुकलं काय. आजही कळलेलं नाही.

मला तुझी कीव येते आणि संतापही येतो. आता आणखी पत्र पाठवू नकोस. उत्तर द्यायला मला वेळ नाही.

कौसल्या


बारामती स्टँड,
२४ डिसेंबर २०२५, सकाळ

चि. सौ. कौसल्या हिस, अनेक आशीर्वाद.

पत्र पाठवू नको म्हणालीस, तरी पाठवतोय. इंदापूर गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतोय. खासगी पाकीट गाडीतून नेणं नियमात बसत नाही. याच कारणासाठी मी एका कंडक्टरकडून लेखी खुलासा घेतला होता. बिरू त्याचं नाव, आणि आज गाडीवर तोच आहे. पाकीट न्यायचंय म्हटलं तर आधी त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. फाट्यावर उतरून कुणाच्या तरी हाती देईन म्हणाला.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. आता माझं ऐक. त्या दिवशी मी वेळेआधी गाडीत बसलो होतो. गाडी सुटायला लागली तेव्हा लक्षात आलं की स्वरूपाची पिवळी साडी घरीच राहिली. ड्युटीवर माझ्याच हाताखाली तयार झालेला मुलगा होता. मी त्याला म्हटलं, मी येईपर्यंत गाडी थांबव. रिक्षाने घरी गेलो, पिशवी आणली. अकरा मिनिटं. कधी कुणासाठी न थांबवलेली गाडी मी भाचीच्या साडीसाठी थांबवली, आणि पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. मांडवाच्या तोंडाशी आलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. पिशवी हातातच होती. तुम्हाला कुणाला दिसली नाही. हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो? म्हणून तुम्हाला बोलत राहिलो. आईचं चुकलं नाही. नेम माझा होता, मोडला मी.

आज सकाळी याच गाडीत बसलो होतो, आणि हात रिकामे. साडी कपाटातच. साडेतीन वर्षांत काही शिकलो नाही, हस खुशाल. बिरू म्हणाला, तात्या, गाडी थांबवतो, घेऊन या. मी नको म्हटलं आणि उतरलो. गाडी सुटायला थोडा वेळ आहे, तेवढ्यात बाकावर बसून हे लिहितोय. साडी घेऊन मागच्या गाडीने येतो. ती आठ वीसला सुटते, फाट्यावर नऊ वीस.

दिग्विजयला सांग, फाट्यावर ये. यावेळी पोचायची वेळ मीच काढली आहे आणि घड्याळ एकच आहे.

आईला सांग, या गाडीत तुझा महिपती नाही, पुढच्या गाडीत आहे. गाडी कुणासाठी थांबत नाही, ते खरं. पण तिला म्हणावं, तू थांब.

तुझा दादा,
महिपती